घरं किती ते नंतर बघू, आधी शुक्रवार दुपारचं बोला

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी शहराच्या गृहनिर्माण खात्यात आहे. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या लोकांसाठी राहायच्या जागा वाढवा, त्यासाठी आरोग्य आणि तुरुंग खात्याशी समन्वय करा असा वरून आदेश आलाय. तीन मीटिंगा झाल्या, मिनिट्स निघाले, पुढे काही हलत नाही. किती घरांची मागणी करू? आणि पूर्ण सोबर, म्हणजे नशेशिवाय, राहायची अट असलेली घरं मागू की बिनअटीची?"

तुमच्यासारख्या तीन-तीन मीटिंगा मी इतक्या बसलोय की चौथ्या मीटिंगला कोण काय बोलणार ते मी इथूनच सांगू शकतो. एकोणीस वर्षं झाली या कामात, पहिली अकरा प्रत्यक्ष घरं चालवण्यात गेली आणि नंतरची खात्यांच्या मधोमध बसून फोन करण्यात. तर माझं म्हणणं असं आहे की "किती घरं" हा प्रश्न तुम्ही लवकर विचारताय. तो लागेलच, पण त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारलेलाच दिसत नाही, तो म्हणजे उपचार केंद्राच्या दारातून बाहेर पडल्यापासून घराच्या दारात पोचेपर्यंत तो माणूस कोणाचा असतो? आरोग्य खातं म्हणतं आमचा डिस्चार्ज झाला, तुरुंग म्हणतो आमची सुटका झाली, तुम्ही म्हणता आमच्याकडे अजून अर्ज आलेला नाही. तिघंही आपापल्या कागदावर बरोबर असतात आणि माणूस मात्र रस्त्यावर असतो.

एक चित्र सांगतो, हे मी किती वेळा पाहिलंय त्याची गणती नाही. शुक्रवार, दुपारचे चार. डिटॉक्स, म्हणजे शरीरातून नशा उतरवायचा उपचार, आणि त्यानंतरचा कोर्स पुरा झालेला माणूस गेटवर उभा आहे, कपडे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, मोबाईलला चार्ज नाही, ओळखपत्र भरतीच्या आधीच कुठेतरी हरवलेलं. माझ्या घरात त्या दिवशी एक बेड रिकामा होता, दोन किलोमीटरवर. पण केंद्राच्या कर्मचाऱ्याकडे जो रेफरल फॉर्म होता तो त्यांच्या खात्याचा, आमच्या भाड्याचे पैसे ज्या खात्यातून येत त्यांना तो चालत नव्हता, त्यांचा फॉर्म भरायला ओळखपत्र हवं, आणि ओळखपत्राचं ऑफिस सोमवारी उघडणार. सोमवारी तो माणूस आम्हाला सापडला नाही. बुधवारी सापडला, हॉस्पिटलात. वाचला, म्हणून मी हे जरा हलक्या हाताने लिहू शकतोय.

यात नशिबाचा भाग कमी आणि शरीराचा जास्त आहे. काही आठवडे नशेचा वापर बंद राहिला की शरीराची सहन करायची ताकद उतरते, आणि माणूस पूर्वीचाच डोस घेतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका बाकी रहिवाशांच्या तुलनेत १२९ पट निघाला. एकशे एकोणतीस. आता तुमची वेटिंग लिस्ट किती दिवसांची आहे ते आठवा. म्हणून मी घरांच्या आकड्यापेक्षा या मधल्या रात्रींना जास्त घाबरतो.

आता खाती भांडतात का, तर माणसं वाईट असतात म्हणून नाही हो. प्रत्येकाची व्याख्या वेगळी असते आणि त्या व्याख्येला पैसा चिकटलेला असतो. अमेरिकेचंच उदाहरण घ्या, त्यांच्याकडे हे सगळं लिहून ठेवलेलं असतं म्हणून दाखवायला सोपं. तिथल्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या व्याख्येत जो माणूस आधी रस्त्यावर किंवा शेल्टरमध्ये होता आणि मग एखाद्या संस्थेत ९० दिवस किंवा त्याहून कमी राहिला, तो बाहेर पडताना बेघर धरला जातो. ९० च्या वर राहिला की त्या कलमातून तो गळतो. म्हणजे ज्याने नेटाने चार महिन्यांचा उपचार पूर्ण केला तो बेघरांच्या घरासाठी अपात्र होऊ शकतो आणि जो अर्ध्यात पळाला तो पात्र. कोणीही दुष्टपणे हे ठरवलेलं नाही, गृहनिर्माणवाल्यांनी आपल्या मर्यादित जागा वाचवायला रेघ मारली आणि आरोग्यवाल्यांनी आपले कोर्स लांब केले, दोघांनी एकमेकांचे नियम वाचले नाहीत एवढंच. तसंच तिथला मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, उपचाराचे पैसे देतो पण राहण्या-जेवणाचे सहसा नाही. घरात येणाऱ्या समुपदेशकाचा पगार निघतो, तो ज्या खोलीत बसतो तिचं भाडं निघत नाही. दोन खात्यांच्या नियमांमधली अशी उसवलेली शिवण तुमच्याकडेही कुठेतरी असणारच, कलम वेगळं असेल. ती शोधा, चौथ्या मीटिंगचा तोच विषय करा.

बायकांच्या बाबतीत ही शिवण जास्त बोचते. आई उपचारात, मूल बालकल्याण खात्याच्या ताब्यात. बालकल्याण म्हणतं मुलासाठी जागा दाखवा मग मूल परत देतो. गृहनिर्माण म्हणतं सध्या कुटुंबात एकच माणूस आहे, एका माणसाचीच खोली मिळेल, मूल आलं की मोठ्या जागेचा अर्ज करा. एका बाईने माझ्यासमोर ही दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली होती, काही बोलली नाही, नुसतं एकीकडून दुसरीकडे बोट फिरवत राहिली. शेवटी काय झालं तर दोन्ही खात्यांच्या दोन अधिकाऱ्यांना एकाच खोलीत बसवून "मूल परत येणार आहे असं बालकल्याणचं पत्र हाच कुटुंबाचा पुरावा धरावा" एवढी एक ओळ मान्य करून घेतली. चाळीस मिनिटं लागली. त्याआधीची पत्रापत्री चौदा महिने चालली होती.

बरं, आता तुमचा दुसरा प्रश्न, अट असलेली की बिनअटीची. इथे लोक फार भांडतात, अगदी धर्मासारखे. मला दोन्ही बाजूंची मंडळी आवडतात आणि दोन्ही बाजूंचा कंटाळाही येतो.

सोबर घरांचं सगळ्यात जुनं टिकलेलं उदाहरण म्हणजे ऑक्सफर्ड हाऊस. गंमत अशी की ते सरकारच्या काटकसरीतून जन्मलं. १९७५ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला एक सरकारी हाफवे होम, म्हणजे उपचारानंतर काही काळ राहायचं घर, पैसे नाहीत म्हणून बंद होणार होतं, तर आत राहणाऱ्या पॉल मॉलॉय आणि इतर बारा जणांनी तेच घर स्वतः भाड्याने घेतलं आणि चालवायला लागले. घरात पगारी कर्मचारी नाही, भाडं सगळ्यांनी वाटून भरायचं, निर्णय मतदानाने, आणि कोणी पुन्हा वापरायला लागला तर बाहेर. आज अशी तीन हजारांवर घरं आहेत. पुढे इलिनॉयमध्ये उपचार संपवून बाहेर पडलेल्या १५० जणांवर एक अभ्यास झाला, चिठ्ठ्या टाकाव्या तसं अर्ध्यांना या घरांत पाठवलं आणि अर्ध्यांना नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलं. दोन वर्षांनी घरवाल्यांत साधारण ३१ टक्के पुन्हा वापरत होते, दुसऱ्या गटात ६५ टक्के, आणि घरवाल्यांची महिन्याची कमाई दुसऱ्या गटाच्या दुपटीहून जास्त होती. औषध नाही, डॉक्टर नाही, नुसतं घर आणि घरातली माणसं.

आणि इथे सरकारने काय केलं ते तुम्ही नीट बघा, कारण तुमच्या कामाचं तेच आहे. १९८८ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला एक लाख डॉलरचा फिरता निधी ठेवायला लावला, त्यातून नव्या घराला जास्तीत जास्त चार हजार डॉलर कर्ज, दोन वर्षांत हप्त्याने परत. बस. पहिलं डिपॉझिट आणि पहिलं भाडं, जिथे हे लोक नेहमी अडतात तेवढीच जागा सरकारने भरली. हप्ते परत आले की तोच पैसा पुढच्या घराला. मी जेव्हा कोणी मोठ्या इमारतीचा आराखडा घेऊन येतो तेव्हा हे चार हजार त्याला ऐकवतो. इमारत उभी राहायला पाच वर्षं, भाड्याच्या घराला पाच आठवडे.

दुसरी बाजू हाऊसिंग फर्स्टची. सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू केलं, आधी घर, सोबर राहायची किंवा उपचार घ्यायची अट नाही, मदत हवी तेव्हा दाराशी. कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत साधारण दोन हजार लोकांवर हे तपासलं आणि घर टिकण्याच्या बाबतीत ही पद्धत नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा कितीतरी पुढे निघाली. पण व्यसनाचा वापर नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा जास्त कमी झाला असं काही दिसलं नाही. म्हणजे घर दिलं की माणूस बिघडतो हेही खोटं आणि घर दिलं की आपोआप सुटतो हेही खोटं.

म्हणून माझं उत्तर दोन्ही, पण दोघांमध्ये दार उघडं ठेवून. ज्याला सोबर राहायचंय त्याला शेजारच्या खोलीत कोणी पीत नसलेलं घर मिळायला हवं, हा त्याचा हक्क आहे, बिनअटीच्या इमारतीत त्याला ढकलणं म्हणजे क्रूरपणा. आणि ज्याला अजून जमत नाहीये त्यालाही छप्पर हवं. मी घर चालवायचो तेव्हा आमचा नियम होता, टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच रात्री बाहेर. एकदा रात्री अकरा वाजता, पाऊस चालू असताना, मी एकाला पिशवी भरायला लावली. घरातल्या मंडळींनी मतदान केलं होतं, नियम त्यांचाच, मी फक्त दार उघडलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. नंतर आम्ही नियम ठेवला पण त्याला जोड दिली: घर सोडायचं, मात्र जायची जागा ठरल्याशिवाय नाही, आणि पुढचे सात दिवस बेड दुसऱ्याला द्यायचा नाही. त्यासाठी बिनअटीच्या ठिकाणी दोन खोल्या कायम राखीव लागल्या. त्या खोल्या कोणाच्या बजेटमध्ये बसवायच्या यावर आरोग्य आणि गृहनिर्माण यांच्यात सहा महिने टोलवाटोलवी चालली, शेवटी निम्मं निम्मं. रिकाम्या खोलीला पैसे का द्यायचे असा ऑडिटचा प्रश्न येतोच, त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवा. अग्निशमनचा बंब रोज विझवायला जात नाही तरी आपण ड्रायव्हरला पगार देतो.

समन्वय कसा दिसतो हे बघायचं असेल तर फिनलंड बघा. २००८ मध्ये त्यांनी दीर्घकाळ बेघर असलेल्यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम काढला, आणि त्यात मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे केंद्र सरकारने मोठ्या शहरांशी प्रत्येकी लेखी करार केले, किती घरं, कधीपर्यंत, कोण किती देणार. सहाय्यक कर्मचाऱ्यांचा खर्चसुद्धा केंद्र आणि शहर यांनी वाटून घेतला. जुनी शेल्टरं मोडून त्यांचे फ्लॅट केले, हेलसिंकीतलं साल्वेशन आर्मी या सेवाभावी संस्थेचं अडीचशे बेडचं आल्पिकाटूचं शेल्टर सुमारे ८० स्वतंत्र घरांचं झालं, प्रत्येकाच्या नावावर भाडेकरार. बेडचा आकडा कमी झाला बघा. तुमच्या वरिष्ठांना "क्षमता घटली" असं वाटेल अशी ती फाईल आहे, पण बेघरांची संख्या खाली आली.

तुमच्याकडे फिनलंड नाही, हे मला कळतं. तुमच्याकडे रिकामे फ्लॅट आहेत का, भाडेकरूचा कायदा काय म्हणतो, दारूचा प्रश्न मोठा आहे की ओपिऑइडचा, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूच्या जातीच्या नशेचा, शहर आहे की लांब लांब पसरलेली गावं, यावर पुष्कळ काही बदलतं. गावाकडे आठ जणांचं घर भरतच नाही, तिथे दोन-दोन जणांच्या जागा आणि फिरता कर्मचारी लागतो. ओपिऑइड असेल तर त्याची ओढ आटोक्यात ठेवणारी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं घेणाऱ्याला घरं "तू अजून नशेवरच आहेस" म्हणून नाकारतात. हा वाद मी पहिली पाच वर्षं चुकीच्या बाजूने लढलो, कबूल करतो. मला खरंच वाटायचं की गोळी म्हणजे दुसरी कुबडी. मग औषधावरची माणसं टिकताना आणि औषध सोडायला लावलेली जाताना पाहिली. अमेरिकेच्या न्याय खात्याने तर २०२२ मध्ये लिहूनच दिलं की डॉक्टरने दिलेलं असं औषध घेणाऱ्याला अपंगत्व कायद्याचं संरक्षण आहे. तुम्ही निधी देणार असाल तर ही एक अट पहिल्या पानावर टाका, नंतर घालायला गेलात तर कोणी ऐकत नाही.

आता दर्जा आणि लबाडी. पैसा आला की घरं वाढतात, त्यात वाईटही वाढतात. फ्लोरिडात सोबर घरांच्या नावाखाली माणसांची दलाली चालायची, फुकट राहा, विम्याचं कार्ड दे, मग त्याच्या लघवीच्या तपासण्यांची बिलं लावत बसायचं. माणूस पुन्हा घसरला तर आणखी बिल, म्हणजे तो बरा होणं कोणाच्याच फायद्याचं नाही. २०१५ मध्ये त्या राज्याने घरांना प्रमाणपत्र द्यायची पद्धत आणली आणि २०१८ मध्ये देशपातळीवर दलालीविरुद्ध कायदा झाला. पण ॲरिझोनाचं २०२३ मला जास्त शिकवून गेलं. तिथे मेडिकेडच्या पैशावर खोटी बिलं लावणाऱ्यांनी मूळनिवासी समाजातल्या लोकांना गाड्यांत घालून आणून घरांत ठेवलं होतं, राज्याने शंभरावर संस्थांची देयकं थांबवली, जे योग्यच होतं, पण पैसे थांबल्यावर ती घरं एकेक करून रिकामी झाली आणि आतली माणसं रस्त्यावर आली. मग हेल्पलाईन आणि तात्पुरत्या राहण्याची सोय करावी लागली. तपासणी करणारं खातं आणि बेड देणारं खातं एकमेकांशी बोलत नसले की असं होतं. छापा टाकायच्या आधी किती बेड लागतील हे ज्याला विचारायचं, त्याचं नाव लिहिलेलं असायला हवं.

शेजाऱ्यांबद्दल थोडक्यात, कारण हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण येणार आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहराने एकमेकांच्या नात्यात नसलेली पाचाहून जास्त माणसं एका घरात राहू शकत नाहीत हा नियम ऑक्सफर्ड हाऊसवर लावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९५ मध्ये निकाल लागला की असा नियम भेदभावविरोधी गृहकायद्यातून सुटत नाही. पण कोर्टात जिंकलेल्या घरातही रोज सकाळी शेजाऱ्याचं तोंड बघावं लागतं. आम्ही घराच्या प्रमुखाचा फोन नंबर शेजाऱ्यांना द्यायचो, दहा वर्षांत जेवढे फोन आले त्यातले निम्म्याहून जास्त पार्किंगचे.

तर चौथ्या मीटिंगला काय न्यायचं. प्रेझेंटेशन नेऊ नका. प्रत्येक खात्याकडून एकच आकडा मागा: गेल्या महिन्यात तुमच्याकडून जितकी माणसं बाहेर पडली त्यातल्या कितीजणांची त्या रात्रीची झोपायची जागा तुम्हाला माहीत होती? मी पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा खोलीत जी शांतता झाली ती मिनिट्समध्ये आली नाही. बहुतेक खात्यांकडे हा आकडाच नसतो, डिस्चार्जच्या कागदावर पत्त्याचा रकाना असतो आणि त्यात "नातेवाईक" असं लिहिलेलं असतं, कुठले ते कोणी विचारत नाही. तो रकाना महिनाभर खरा भरून घ्या. मग तुमच्या शहरात सध्या किती बेड रिकामे राहतात याची रोजची एक यादी, सगळ्यांना दिसेल अशी, साधी स्प्रेडशीट चालेल, महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका, आमचं दीड वर्ष त्यातच गेलं. बाहेर पडणारी माणसं वजा रिकामे बेड, एवढं केलंत की तुमचा "किती घरं" चा आकडा आपोआप हातात येईल, आणि माझा अनुभव असा की तो तुम्ही मागणार होतात त्याहून लहान निघतो, कारण निम्मे बेड असतात पण माणूस तिथे पोचत नाही.

आणि एक माणूस. समिती नको. ज्याला तिन्ही खात्यांचा फॉर्म भरायचा, ओळखपत्र नसताना तात्पुरती सही करायचा आणि सात रात्रींचे पैसे कोणाला न विचारता खर्च करायचा अधिकार आहे असा एक माणूस, त्याचा फोन शनिवार-रविवारीही चालू. पगार तिघांनी वाटून द्या, म्हणजे तिघांनाही तो आपला वाटेल. आमच्याकडे ही पोस्ट मंजूर व्हायला दोन वर्षं लागली, ज्या बाईंना ती मिळाली त्या आधी हॉस्पिटलात डिस्चार्जच्या टेबलावर होत्या, आणि पहिल्या महिन्यात त्यांनी काय केलं तर फक्त शुक्रवारचे डिस्चार्ज गुरुवारी सकाळी करून घेतले. नवीन घर एकही नाही, तरी आमच्या रिकाम्या बेडांपैकी बरेचसे भरले.

आदेशाच्या पत्रात "समन्वय" च्या पुढे कोणाचं पदनाम लिहिलंय का ते एकदा बघून सांगा. नसेल तर त्यावरच आधी बोलू, घरांचं त्यानंतर.